न विचारता लागलेला फोन

आत्याच्या घरचं फोनचं बिल दोन महिन्यांचं मिळून साडेसातशे-आठशेच्या आसपास यायचं. २००३ साली दिवाळीच्या तोंडावर जे बिल आलं ते ११,४०० रुपयांचं होतं.

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी टेलिफोन ऑफिसात जाऊन तपशिलाचा कागद काढून आणला. त्यात आयएसडीचे, म्हणजे थेट परदेशी लावलेले, १९ कॉल होते. सगळे दिवसाचे, अकरा ते पाच या वेळातले. आयएसडी घेतलं होतं ते माझ्या आतेभावासाठी, तो मस्कतला असतो. पण ओमानचा ९६८ हा कोड काकांना पाठ होता आणि कागदावर तो कुठेच नव्हता. भलतेच आकडे होते. कुठल्या देशाचे, ते ऑफिसातल्या माणसालाही पुस्तक काढून बघावं लागलं. प्रशांत महासागरातलं कुठलंसं बेट निघालं.

अकरा ते पाच पुढच्या खोलीत कोण असतं? आत्या असते, पण तिची स्वयंपाकघरात ये-जा चालू असते. सलग बसलेली असते ती टायपिंगला येणारी मुलगी. बारावी झालेली, महिना नऊशे रुपयांवर येणारी, अतिशय स्वच्छ मराठी टाइप करणारी. फोन तिच्याच टेबलावर.

मला हे सगळं कळलं तेव्हा तिला "आता दिवाळीनंतर बघू, आम्ही कळवतो" असं सांगून झालं होतं. कुणी आवाज चढवला नव्हता. चोर हा शब्दही कुणी उच्चारला नव्हता. पण बिल टेबलावर तिच्यासमोर ठेवून "हे कुणाचे फोन ग?" असं विचारलं गेलं होतं, आणि ती काहीच न बोलता पर्स उचलून गेली होती. न बोलणं म्हणजे कबुली, असं घरात ठरलं. अठरा वर्षांच्या मुलीला अकरा हजारांचं बिल दाखवल्यावर तिने काय बोलायला हवं होतं, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

आत्याचं कराडला डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून देण्याचं, काम होतं. पुढच्या खोलीत एक टेबल, एक लेझर प्रिंटर, भिंतीला टेकून कागदांची रिमं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांच्या जमाखर्चाच्या पुस्तिका. मशीन पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, त्यावर विंडोज ९८. पानं जुळवायला पेजमेकर आणि कोरल, आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नसे ती किल्ली, प्रिंटरच्या पोर्टला कायमचं लावलेलं. त्याला कुणी हात लावला तर आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची. इंटरनेट घेतलं त्यालाही कारण होतं. आधी फायली फ्लॉपीवर घालून फ्लॉपी कोल्हापूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, तिकडे छपाईसाठी फिल्मवर पॉझिटिव्ह काढणारा माणूस स्टँडवर येऊन घेऊन जायचा. पुढे तो म्हणाला, ताई, मेल करा, फ्लॉप्या खराब निघतात. म्हणून फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारा मोडेम बसवला. त्यापलीकडे त्या घराला इंटरनेटची गरज नव्हती.

गावातल्या मेकॅनिकने मशीन बघितलं होतं. "स्पायवेअर असणार, फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये." स्पायवेअर म्हणजे न सांगता मशीनमध्ये शिरून बसणारे प्रोग्राम, आणि फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात; त्या काळी सगळ्या दुखण्यांवर हेच औषध होतं. आत्या नाही म्हणाली. श्रीलिपीची सीडी कधीच गहाळ झाली होती. एकदा फॉरमॅट झालं की आठ वर्षांच्या फायली परत उघडल्या तरी त्यातली अक्षरं ओळखू येणार नव्हती, कारण कुठल्याही मशीनवर अक्षरं तीच दिसू देणारं युनिकोड तेव्हा आपल्याकडे पोचलेलं नव्हतं, फाँट गेला की मजकूर गेला. पुण्यात मी तेव्हा एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचो. पाडव्याला ओवाळून झाल्यावर आत्या म्हणाली, "बाळा, तू बघतोस का एकदा? पण पुसू नकोस काही."

मी सगळ्यात आधी मोडेमची वायर काढली. भिंतीवरच्या रोझेटमधून, म्हणजे फोनच्या डबीतून, दोन वायरी निघत होत्या, एक फोनला, एक कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरची काढून हातात धरली, मशीन चालू केलं आणि नुसता बसून राहिलो. माउसला हातही लावला नाही. वायर नसताना कोण कोण फोन लावायला धडपडतंय, ते आधी बघायचं होतं.

पाच मिनिटांत एक खिडकी उघडली: डायल टोन नाही. बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा. हे आऊटलुक एक्स्प्रेस होतं, दर अर्ध्या तासाने मेल बघायला निघणारं. मशीन सुरू झाल्या झाल्याही ते एकदा निघायचं. मग अँटिव्हायरसचं अपडेट. मग एक गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर, जे त्या घरात कुणी कधी वापरलं नव्हतं. या तिघांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या देशांत फोनची लाइन चोवीस तास जोडलेली धरून चालत, तिथे लिहिलेले हे प्रोग्राम होते. त्यांना आमच्या दर तीन मिनिटांना नवा कॉल मोजणाऱ्या पल्सची आणि एक रुपया वीस पैशांच्या कॉलची कल्पना नव्हती. जोडणी दिसली नाही की ते लाइन मागत, आणि विंडोज मागेल त्याला लाइन देत असे. इंटरनेट ऑप्शन्समध्ये कनेक्शन्स नावाच्या पानावर तीन गोल आहेत: कधीच डायल करू नको, जोडणी नसेल तेव्हा डायल कर, नेहमी डायल कर. आत्याच्या मशीनवर तिसरा निवडलेला होता. त्यात पासवर्ड साठवलेला आणि 'आपोआप जोड' या चौकटीत बरोबरची खूण. म्हणजे घराच्या दाराला कडी होती, पण ती काढूनच ठेवलेली होती.

चौथा जो होता त्याची खिडकी आलीच नाही. तो शोधायला मी माय कॉम्प्युटरमधलं डायल-अप नेटवर्किंग उघडलं. तिथे एकच चित्र असायला हवं होतं, आमच्या इंटरनेट सेवेचं. दोन होती. दुसऱ्याला नाव होतं इंग्रजी दोन अक्षरांचं. त्याचे गुणधर्म उघडले. फोन नंबर ०० पासून, म्हणजे परदेशी कॉलसारखा, सुरू होत होता.

मी काकांना बोलावलं. त्यांनी तपशिलाचा कागद आणला, चष्मा लावला, आणि पडद्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा बोट ठेवून एकेक करून जुळवला. चौदाच्या चौदा आकडे जुळले. काका काहीच बोलले नाहीत. मी मोडेमचं पान उघडून दाखवलं. स्पीकरच्या आवाजाची पट्टी पार डाव्या टोकाला नेऊन ठेवलेली होती. मोडेम फोन लावतो तेव्हा होणारा तो आवाज आठवत असेल तुम्हाला: आधी डायल टोन, मग आकड्यांची टुंग-टुंग, मग दोन यंत्रं एकमेकांशी बोलू लागली की ती खरखर आणि शिट्टी. तो आवाज या प्रोग्रामने आधी बंद केला होता आणि मगच बेटाला फोन लावला होता.

"फोन उचलला की कधीकधी कानात खर्र व्हायचं," काका म्हणाले. "मला वाटलं लाइन खराब आहे. मी तक्रारही नोंदवली होती."

या प्रोग्रामांना डायलर म्हणत. चाल नवी नव्हती. १९९७ मध्येच अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका टोळीवर खटला भरला होता. चित्रं बघण्यासाठी म्हणून एक सॉफ्टवेअर उतरवायला लावायचे. ते चालू इंटरनेट तोडायचं, मोडेमचा आवाज बंद करायचं आणि थेट मोल्डोवाचा नंबर फिरवायचं. चित्रं बघून झाली, ब्राउझर बंद केला, तरी फोन चालूच. यातला पैसा येतो कुठून, ते समजायला मला वेळ लागला होता. परदेशी कॉल पोचवल्याबद्दल तिकडच्या टेलिफोन कंपनीला इकडच्या कंपनीकडून मिनिटामागे हिस्सा मिळतो. लहान देशांचे हे दर चढे असत. त्या हिश्श्यातला वाटा कॉल आणून देणाऱ्याला मिळायचा. तेव्हा जितके जास्त मोडेम जितका जास्त वेळ त्या बेटाशी जोडलेले राहतील, तितकी त्या माणसाची कमाई. त्याला आत्याचं नाव, गाव, काम, काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिची फक्त लाइन त्याला हवी होती.

मी सोबत एक सीडी आणि एक फ्लॉपी आणली होती, कारण विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ड्रायव्हर टाकल्याशिवाय ओळखू येत नाही. सीडीवर असे लपलेले प्रोग्राम शोधून काढणारं स्पायबॉट होतं, पॅट्रिक कोला नावाच्या जर्मन प्रोग्रामरने लिहिलेलं. फ्लॉपीवर हायजॅकदिस, मेरिन बेलेकॉम या डच मुलाचं. दोन्ही फुकट. दोघांनीही लोकांच्या मशीनवरची घाण बघून स्वतःच्या वेळेतून ती लिहिली, आणि त्या वर्षांत माझ्यासारख्या कित्येक जणांची पोटं त्यांवर भरली. त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

स्पायबॉटने साठ-पासष्ट लाल ओळी काढल्या. बऱ्याचशा कुकीज, म्हणजे वेबसाइटांनी ठेवलेल्या छोट्या खुणा, होत्या, त्यांचं काही विशेष नाही. पण एक ब्राउझरला चिकटलेली शोधपट्टी होती आणि कोणती पानं उघडली त्याची यादी बाहेर पाठवणारे दोन प्रोग्राम होते. ते काढून टाकले. डायलर मात्र त्याला पूर्ण सापडला नाही. तो हायजॅकदिसमध्ये दिसला. हे सॉफ्टवेअर चांगलं-वाईट काही सांगत नाही. मशीन सुरू होताना काय काय उठतं त्याची सरळ यादी समोर ठेवतं आणि म्हणतं, तुझं तू ठरव. यादी लांब असते आणि चूक झाली तर मशीन उठत नाही, म्हणून मी एकेक ओळ वहीत उतरवून घेतली. आत्या शेजारी बसून होती. "हे काय?" "हे घड्याळाच्या बाजूची चित्रं दाखवतं, राहू दे." "हे?" "हे डोंगलचं, याला हात नाही लावायचा." "आणि हे?" सुरू होताना काय उठवायचं ते विंडोज जिथे नोंदवून ठेवतं त्या रजिस्ट्रीच्या रन या खणात हे बसलेलं होतं, विंडोजच्याच फोल्डरमध्ये, विंडोजच्याच एखाद्या फायलीसारखं नाव घेऊन. एका अक्षराचा फरक. तो आत्याने पकडला. वीस वर्षं प्रूफं वाचलेली बाई, अनुस्वार सुटलेला तिला दुरून दिसतो. म्हणाली, "यात एक एल जास्त आहे."

मी फाइल पुसण्याआधी तिचे गुणधर्म उघडले. मशीनवर कधी आली याची तारीख विंडोज ठेवतं. १७ सप्टेंबर, दुपारी दोन चाळीस.

आत्या उठली आणि कपाटातून हजेरीची वही घेऊन आली. ती मुलगी १५ पासून २० सप्टेंबरपर्यंत आजोळी गेली होती. सहा चौकोनांत सहा काट. काकांनी तपशिलाचा कागद पुन्हा उघडला. पहिले पाच कॉल १७, १८ आणि १९ तारखेचे होते.

काका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात बत्तीस वर्षं होते. दोन वह्या समोरासमोर ठेवून जुळवणं हे त्यांचं रोजचं काम होतं. वही याच खोलीत, याच कपाटात होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आत्या म्हणाली, "मीच दाबलं होतं."

पितृपक्ष चालू होता. पत्रिकांचं काम नाही, म्हणून ती पुढच्या हंगामासाठी गणपतीची चित्रं आणि बॉर्डरी शोधत बसली होती. एका पानावर चित्रं छान होती. मध्येच एक पांढरी चौकट आली, वर इंग्रजीत बराच मजकूर, खाली येस आणि नो. नो दाबलं तर चौकट पुन्हा आली. पुन्हा नो, पुन्हा चौकट. चौथ्या वेळी तिने येस दाबलं, कारण तिला गणपती हवा होता.

यात तिचा दोष होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पत्रिकेचं प्रूफ तीनदा वाचल्याशिवाय ही बाई छापायला देत नाही, गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय प्लेट काढत नाही. संमती म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण परक्या भाषेत, बारीक टायपात, नाही म्हटलेलं ऐकूनच न घेणाऱ्या चौकटीसमोर माणूस जे दाबतो त्याला होकार कसं म्हणायचं? दार वाजवत राहायचं आणि घरातलं माणूस कंटाळून उघडेल तेव्हा "तुम्हीच उघडलंत" म्हणायचं, असला तो प्रकार. दहा वर्षांनी मोबाइलवरही हेच झालं. गाण्याची ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर, कुठलं तरी बटण दाबलं गेलं की बॅलन्समधून रोज पैसे कापले जात. शेवटी २०१३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने सांगितलं की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा होकार दोनदा घ्या. त्या दोनदाचं मोल मला त्या पांढऱ्या चौकटीमुळे कळलं.

पैसे परत मिळाले नाहीत. काका कागद, तारखा, मी लिहून दिलेलं पत्र, सगळं घेऊन टेलिफोन ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॉल तुमच्या लाइनवरून लागलाय ना?" हप्ते मात्र पाडून दिले. चार हप्ते.

पुढे काही महिन्यांनी वाचनात आलं की जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २००४ मध्ये नेमक्या अशाच प्रकरणात उलटा निकाल दिला. तिथे घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाने काही उतरवलं आणि डायलर गुपचूप बसला. कोर्टाने म्हटलं, या बिलाचा भार ग्राहकावर टाकता येणार नाही; अशा नंबरांतून जो कमावतो, जोखीमही त्यानेच घ्यावी. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये तिथल्या कायद्याने डायलरची नोंदणी सक्तीची करून मिनिटाला दोन युरोंची मर्यादा घातली होती. आयर्लंडने तर २००४ मध्ये १३ ठिकाणांचं थेट डायलिंगच थांबवलं, त्यांतली बहुतेक प्रशांत महासागरातली बेटं. हे वाचून मी काकांना फोन केला. त्यांना त्या मुलाबद्दल सगळं ऐकायचं होतं. "त्याला घरच्यांनी काय केलं?" हे त्यांनी दोनदा विचारलं.

पाडव्याच्या त्या रात्री मशीनचं जे करायचं ते केलं. कनेक्शन्सच्या पानावर पहिला गोल निवडला, कधीच डायल करू नको. साठवलेला पासवर्ड काढला, आपोआप जोडण्याची खूण काढली. आऊटलुकचा अर्धा तास बंद. एमएसकॉन्फिगमधून गाण्याचं सॉफ्टवेअर उठायचं थांबवलं. ब्राउझरमध्ये, वेबपानांना मशीनवर प्रोग्राम बसवू देणारं अॅक्टिव्हएक्स पूर्ण बंद केलं, आत्याच्या कामात त्याची गरज कधीच पडणार नव्हती. बाहेर जाणारं प्रत्येक सॉफ्टवेअर अडवून विचारणारं एक फायरवॉलही माझ्याकडे होतं, पण ६४ एमबीत पेजमेकरबरोबर ते चाललं नसतं, म्हणून टाकलं नाही. आयएसडीला गुप्त क्रमांकाचं कुलूप घालायला काकांनी दुसऱ्या दिवशी अर्ज केला. आणि मोडेमची वायर जोडून न ठेवता कालनिर्णयच्या शेजारच्या खिळ्याला अडकवायची असं ठरलं. मेल पाठवायची असेल तेव्हा लावायची, झाली की परत खिळ्याला. जुन्या मशीनला याहून खात्रीचा बंदोबस्त मला आजही माहीत नाही.

निघताना आत्या म्हणाली, "तो आवाज पूर्ण मोठा करून दे. फोन लावला तर मला स्वयंपाकघरात ऐकू आला पाहिजे." मी पट्टी उजव्या टोकाला नेली.

भाऊबीज झाल्यावर दोघंही त्या मुलीच्या घरी गेले. काकांनी कागद आणि वही दोन्ही बरोबर नेली होती. तिच्या वडिलांसमोर त्यांनी तारखा वाचून दाखवल्या आणि चूक आमची झाली म्हणाले. तिने पाणी दिलं, चहा केला. कामावर परत आली नाही. तोवर ती कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लागली होती आणि तिथे तिला अकराशे मिळत होते. आत्याने पुन्हा विचारलं नाही. पुढचे कित्येक महिने ती सगळं टायपिंग एकटीने करत होती, रात्री अकरा-अकरापर्यंत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी तिथे असताना ती मुलगी आली. स्वतःच्या लग्नाची पत्रिका करून घ्यायला. मजकूर हाताने लिहून आणला होता. आत्या उठून बाजूला झाली आणि तिलाच खुर्चीवर बसवलं. तिने सवयीने डोंगलकडे एकदा बघितलं, मग पंधरा मिनिटांत सगळा मजकूर टाइप केला, चूक एकही नाही. आत्याने बॉर्डर लावली, गणपती लावला. पैशांचा विषय मुलीने काढला तेव्हा आत्या म्हणाली, "आधी फाइल जाऊ दे."

वायर खिळ्यावरून काढून मुलीनेच जोडली. आत्याने पासवर्ड घातला. खोलीत डायल टोन घुमला, मग आकडे, मग ती मोठी खरखर, इतकी की काका आतून विचारते झाले, "कोण लावतंय फोन?"

"मी लावतेय, काका," मुलगी म्हणाली. "कोल्हापूरला."